सामायिक फायलीतील पाठभेद : एका भाबड्या सिद्धान्ताविरुद्ध

विद्यापीठांच्या मराठी विभागांतून आणि चर्चासत्रांतून गेल्या काही वर्षांत एक युक्तिवाद वारंवार ऐकू येऊ लागला आहे. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची जी घोषणा केली ती केवळ सैद्धान्तिक होती. ती व्यवहारात उतरवली संगणकाने, असे हा युक्तिवाद सांगतो. चार-सहा अभ्यासक एकच फाइल आपापल्या यंत्रावर उघडतात, एकाच परिच्छेदात लिहितात, एकमेकांची वाक्ये खोडतात, दुरुस्त करतात, जतन करतात. शेवटी जी संहिता उरते तिच्यात कोणाचे वाक्य कोठे सुरू झाले आणि कोठे संपले हे सांगता येत नाही. म्हणजे संहिता कर्त्यापासून मुक्त झाली, कर्तृत्वाची खासगी मालकी संपली, आता भाषाच बोलते. ऐकायला हे सारे मोहक आहे. शिवाय ‘सामूहिक’ हा शब्द उच्चारला की प्रश्न विचारणारा आपोआप व्यक्तिवादी ठरतो, त्यामुळे या युक्तिवादाला सहसा कोणी अडवीत नाही. तो अडवला पाहिजे असे मला वाटते. सामायिक फाइल प्रत्यक्षात कशी चालते याची किमान माहितीही करून न घेता तो केला जातो, हे एक झाले. अधिक गंभीर गोष्ट अशी की, आपल्या संपादन-प्रकल्पांतून आणि कोशकार्यांतून आज जो नामविलोप चालू आहे त्याला हा युक्तिवाद सिद्धान्ताचे वस्त्र पांघरतो.

एका संहितेवर अनेकांनी एकाच वेळी काम करावे ही कल्पना नवी नाही. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे केलेल्या प्रात्यक्षिकात एकमेकांपासून दूर बसलेली दोन माणसे एकाच मजकुरावर काम करताना श्रोत्यांनी पाहिली. बार्थ यांचा निबंध फ्रेंचमध्ये त्याच वर्षी प्रसिद्ध झाला; हा योगायोग आमच्या सिद्धान्तप्रेमी मित्रांच्या नजरेतून कसा सुटला कोण जाणे. परंतु ज्यांनी अशी साधने घडवली त्यांच्यापुढे पहिल्या दिवसापासून उभा असलेला प्रश्न कर्त्यापासून मुक्ती मिळवण्याचा नव्हता. दोघांच्या लेखनाची एकमेकांवर कुरघोडी होऊ नये, एवढाच तो होता.

हा प्रश्न उदाहरणानेच स्पष्ट होईल. दोन सहकारी सकाळी दहा वाजता एकच फाइल आपापल्या एडिटरमध्ये उघडतात. (इंग्रजीत हे साधन आणि हे काम करणारा माणूस या दोहोंना एकच शब्द आहे, मराठीत आपण साधनाला ‘एडिटर’ आणि माणसाला ‘संपादक’ म्हणतो, हे एका परीने बरेच आहे.) पहिला सहकारी पहिल्या परिच्छेदात भर घालतो आणि अकरा वाजता जतन करतो. दुसरा पाचवा परिच्छेद सुधारतो आणि सव्वाअकराला जतन करतो. दुसऱ्याच्या समोर असलेली प्रत दहा वाजताची आहे, तिच्यात पहिल्याची भर नाही. आणि आता तीच प्रत जुन्या प्रतीच्या जागी बसली आहे. पहिल्याचा तासाभराचा मजकूर गेला, आणि तो होता याचा मागमूसही उरला नाही. येथे एका लेखकाचा मृत्यू झाला हे खरे. पण तो भाषेने केला नाही. जो शेवटी जतन करतो त्याचा पाठ टिकतो, या आंधळ्या नियमाने तो झाला. या नियमाला संहितेची मुक्ती म्हणायचे असेल, तर पोथीला लागलेल्या वाळवीलाही समीक्षक म्हणावे लागेल.

या संकटावरचा जुना उपाय कुलपाचा. ईमॅक्स या एडिटरमध्ये एखादी फाइल कोणी बदलू लागला की तिच्याशेजारी एक लहानशी खूणफाइल तयार होते आणि तीत बदल करणाऱ्याचे नाव व त्याच्या यंत्राचे नाव नोंदलेले असते. दुसरा कोणी तीच फाइल बदलू लागला तर ईमॅक्स त्याला थांबवून सांगतो की अमुक माणूस येथे आधीच काम करीत आहे. आता कुलूप हिसकावून घ्यायचे, तसेच पुढे रेटायचे, की माघार घ्यायची ते तू ठरव. मला ही तीन पर्यायांची पृच्छा फार अर्थपूर्ण वाटते. सामूहिक लेखनातील नैतिक प्रसंग यंत्राने येथे लपवलेला नाही, उघडा केला आहे; आणि मुख्य म्हणजे कुलपावर नाव आहे.

कुलपाची अडचण अशी की एक जण लिहीत असेतो बाकीचे खोळंबतात. म्हणून पुढचा उपाय आला तो आवृत्ती-नोंदीचा. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी १९७२ मध्ये, पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी १९८२ मध्ये आणि लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये ‘गिट’च्या रूपाने जी साधने घडवली, त्यांत तपशिलाचे भेद पुष्कळ आहेत. पण सूत्र एकच : जुना पाठ पुसायचा नाही. प्रत्येक बदलाबरोबर तो कोणी केला, केव्हा केला आणि थोडक्यात का केला, हे नोंदवायचे. आपल्या पोथ्यांच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, तिथी, स्थळ देतो आणि समोरच्या प्रतीत जसे दिसले तसे उतरवले, दोष मला देऊ नका, असे विनवतो. ती पुष्पिका. येथे पोथीच्या शेवटी एक पुष्पिका नसून प्रत्येक दुरुस्तीला एक पुष्पिका आहे, इतकाच फरक.

पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्याने या साधनांचा आणखी एक विशेष पाहण्यासारखा आहे. दोघांनी एकाच फायलीच्या दोन प्रती स्वतंत्रपणे बदलल्या आणि त्या पुन्हा एक करायच्या असल्या, तर केवळ त्या दोन प्रती एकमेकींशेजारी ठेवून भागत नाही. एकीत वाक्य आहे आणि दुसरीत नाही. तर ते पहिल्याने घातले की दुसऱ्याने काढले? या प्रश्नाचे उत्तर दोन प्रतींत नसते, त्या ज्या प्रतीपासून फुटल्या तिच्यात असते. म्हणून गिटसारखे साधन तिसरी प्रत शोधते, दोघींची समान पूर्वज असलेली, आणि तिघींची तुलना करून निर्णय घेते. हे वाचताना ज्याला लाखमानप्रणीत वंशवृक्ष आठवणार नाही त्याने पाठचिकित्सेचा अभ्यासक्रम पुन्हा एकदा चाळावा. आमच्या शास्त्रात मूळादर्श गमावलेला असतो आणि तो अनुमानाने उभा करावा लागतो. संगणकावर काम करणाऱ्या गटाकडे मूळादर्श हाताशी असतो. आणि तरीही आमचे संपादक-गट तो जपून ठेवीत नाहीत.

दोन्ही बाजूंनी एकच ओळ बदलली असेल तर यंत्र निर्णय देत नाही. ते दोन्ही पाठ एकाखाली एक मांडते, मध्ये रेघ घालते आणि माणसाने निवड करावी म्हणून थांबते. ओळी वेगळ्या असतील तर मात्र ते निमूटपणे दोन्ही बदल एकत्र करते. अर्थ त्याला कळत नाही. एकाने प्रस्तावनेत ‘चार पोथ्या’चे ‘पाच पोथ्या’ केले आणि दुसऱ्याने खाली पाचव्या पोथीचा परिच्छेदच गाळला, तर यंत्राच्या दृष्टीने काहीच वाद नाही, आणि जी संहिता निपजते ती दोघांपैकी एकानेही लिहिलेली नसते. पाठसंकर म्हणतात तो हाच. पण त्याही स्थितीत कोणता अर्धा भाग कोणाकडून आला हे नोंदीत पाहता येते.

आता एकाच वेळी एकाच पडद्यावर लिहिण्याच्या साधनांकडे वळू, कारण लेखकाच्या मृत्यूचे पुरस्कर्ते त्यांचाच दाखला देतात. १९८९ मध्ये एलिस आणि गिब्स यांनी मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक कळ ही स्वतंत्र क्रिया मानली जाते : अमुक स्थानी अमुक अक्षर घातले, अमुक स्थानचे पुसले. एकाने सुरुवातीला तीन अक्षरे घातली की दुसऱ्याच्या क्रियेचे स्थान तीनने पुढे सरकवून ती लावायची, म्हणजे दोघांच्या पडद्यांवर अखेर एकच मजकूर राहतो. २००८ मध्ये आलेल्या ईथरपॅडने तर प्रत्येक सहभागी व्यक्तीचा मजकूर वेगळ्या रंगात दाखवला. कोणत्याही हस्तलिखितात, कोणत्याही मुद्रितात कर्त्याचा हात इतक्या सूक्ष्म पातळीवर, अक्षरा-अक्षराला, कधी नोंदला गेला नव्हता. सर्वाधिक निनावी म्हणून जी संहिता आमच्यापुढे ठेवली जाते ती वस्तुतः मानवी लेखनाच्या इतिहासातील सर्वाधिक नावनिशीवार संहिता आहे.

मिशेल फूको यांनी १९६९ च्या व्याख्यानात दाखवले होते की ग्रंथांना लेखकाचे नाव चिकटले ते मालकी हक्कासाठी नव्हे, आधी शिक्षेसाठी. आक्षेपार्ह लेखनाबद्दल कोणाला धरायचे हे ठरवण्यासाठी. हा मुद्दा सामायिक फायलीला किती चपखल लागू पडतो! गिटमध्ये एखाद्या फायलीची प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली हे दाखवणारी जी आज्ञा आहे तिचे नावच ‘ब्लेम’. तिच्या आधीच्या सबव्हर्जन या साधनाच्या कर्त्यांनी विनोदाने म्हणा, न्यायबुद्धीने म्हणा, त्याच आज्ञेला ‘प्रेझ’ असे पर्यायी नाव देऊन ठेवले होते. दोष आणि गौरव यांसाठी यंत्रापाशी एकच नोंद असते.

अर्थात या नोंदीलाच कर्तृत्व समजण्याची चूक आपण करता कामा नये. ‘ब्लेम’ सांगते ती शेवटचा स्पर्श कोणाचा एवढीच गोष्ट. एखाद्याने साऱ्या फायलीतील समास बदलला किंवा विरामचिन्हांपुढची मोकळी जागा काढली, तर नोंदीप्रमाणे साऱ्या ओळी त्याच्या होतात. गिट ‘लेखक’ आणि ‘नोंद करणारा’ अशी दोन वेगळी नावे ठेवते खरे. पण ती नावे जो तो आपल्या यंत्रावर भरील तीच. इतिहास नंतर पुन्हा रचताही येतो, दहा दुरुस्त्यांची एक करता येते. म्हणजे येथेही पुष्पिकेची चिकित्सा करावी लागते, जशी आपण पोथीच्या बाबतीत करतो. लेखनिकाचे नाव खोटे असू शकते म्हणून आपण पुष्पिका फाडून टाकीत नाही. यंत्राची नोंद हे साधन आहे, निर्णय नव्हे. पण साधनच नसेल तर निर्णय कशाच्या आधारे करायचा?

मग निनावीपण येते कोठून? माझे उत्तर स्पष्ट आहे : यंत्र नाव पुसत नाही, संस्था पुसते. ते पुसण्याचे तंत्रही ठरून गेले आहे. वर्षभर सहाय्यक आणि विद्यार्थी सामायिक फायलीत काम करतात. अखेरीस प्रमुख संपादक तिची नवी प्रत काढतात आणि तिला ‘अंतिम’ असे नाव देतात. गूगल डॉक्ससारख्या सेवेत अशी प्रत काढली की तिच्याबरोबर जुना इतिहास येत नाही. ती कोऱ्या पाटीसारखी सुरू होते. मूळ फायलीचा इतिहासही ज्याला बदल करण्याची परवानगी आहे त्यालाच दिसतो, आणि करार संपलेल्या सहाय्यकाची परवानगी पहिल्या आठवड्यातच काढून घेतली जाते. फाइल ज्याच्या खात्यावर आहे त्याचे खाते बंद झाले आणि कोणी आधी हस्तांतर करून घेतले नसेल, तर सारेच गेले. या सर्वाला आपण ‘फाइल अद्ययावत केली’ असे निरुपद्रवी नाव देतो. अद्ययावत या शब्दात ‘आजपर्यंतचे’ असा अर्थ आहे. आपण त्याचा अर्थ ‘फक्त आजचे’ असा करून ठेवला आहे.

याचा परिणाम काय होतो ते मी जवळून पाहिले आहे. एकोणिसाव्या शतकातील एका गद्यग्रंथाच्या संपादनात माझ्या परिचयाचे काही संशोधक विद्यार्थी मानधनावर काम करीत होते. संस्थेचे आणि ग्रंथाचे नाव येथे अप्रस्तुत आहे. त्यांनी मूळ मुद्रितावरून मजकूर अक्षरशः उतरवला, अनुस्वारांसह. प्रकल्पाच्या मध्यावर गटातील कोणीतरी, कोण ते आता कधीच कळणार नाही, ‘शोधा आणि बदला’ या सोयीने अनुच्चारित अनुस्वार एका झटक्यात काढून टाकले. ‘नाहीं’चे ‘नाही’ झाले, ‘त्यानें’चे ‘त्याने’ झाले, हे एक वेळ क्षम्य म्हणता येईल, कारण ते नियमाने परत आणता येते. पण ‘केलें’चे ‘केले’ झाले ते परत आणता येत नाही. जुन्या लेखनात ‘काम केलें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘लाडू केले’ हे पुल्लिंगी अनेकवचन डोळ्यांना वेगळे दिसत असे. १९६२ च्या नियमांनंतर दोन्ही एकरूप झाली. तसेच ‘मीं’ आणि ‘मी’. पहिले तृतीयेचे, दुसरे प्रथमेचे. ग्रंथकार एखाद्या ठिकाणी स्वतःच गोंधळला असेल, किंवा बोलीनुसार वेगळे लिहीत असेल, तर तो भाषेच्या इतिहासाचा पुरावा होता. तो नाहीसा झाला. एका विद्यार्थिनीच्या हे ध्यानात आले तेव्हा ‘अंतिम’ प्रत निघून गेली होती आणि जुनी फाइल काढून टाकली होती. ग्रंथ छापून आला. प्रस्तावनेत मूळ लेखनपद्धती कायम ठेवल्याचे आश्वासन आहे, आणि त्या विद्यार्थिनीचे नाव कोठेही नाही. तिने जी दोनशेहून अधिक संदिग्ध स्थळे टिपून त्यांवर आपले मत नोंदवले होते, त्यांतील पुष्कळ मते टीपांत उतरली आहेत. ती आता संपादकांची आहेत. यालाच कर्तृत्वाची खासगी मालकी संपणे म्हणत असतील, तर एवढेच विचारावेसे वाटते की मालकी संपली ती फक्त मानधनावर काम करणाऱ्यांचीच कशी? मुखपृष्ठावरचे नाव तर जागच्या जागी आहे.

देवनागरीच्या बाबतीत ही अनास्था आणखी महागात पडते, कारण आपल्या लिपीच्या संगणकीय संकेतनात डोळ्यांना न दिसणारे पाठभेद असतात. ‘दऱ्या’ या शब्दातील र दोन रीतींनी साठवता येतो : ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त आणि मागे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्रपणे आले. तोवर सारे जण अ वर चंद्र देऊन तेच लिहीत होते, आणि आजही काही जण लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखे. यंत्राला दोन्ही भिन्न. गटातील एकाचा कळफलक एक रीत वापरतो, दुसऱ्याचा दुसरी. शोध घेतला तर अर्धे शब्द सापडत नाहीत, आणि तुलना केली तर जेथे काहीच बदललेले नाही तेथे बदल दिसतो. शिवाय तुलनेची बहुतेक साधने ओळ हे एकक मानतात. मराठी गद्याचा दीड पानी परिच्छेद ही यंत्राच्या लेखी एक ओळ असते. त्यात एक स्वल्पविराम हलला तरी सारा परिच्छेद बदललेला दिसतो. ओवी किंवा वाक्य सुट्या ओळीवर लिहिण्याचा साधा संकेत गटाने पाळला तर हे टळते. याला तंत्रज्ञ लागत नाही. संपादन म्हणजे काय याचे भान लागते.

हे भान आपल्या परंपरेत नव्हते असे नाही, आणि म्हणूनच आजची स्थिती अधिक खेदजनक आहे. महानुभाव परंपरा सांगते की लीळाचरित्राची मूळ प्रत स्वारीच्या धामधुमीत गेली आणि ते निरनिराळ्या शिष्यांच्या स्मरणातून पुन्हा उभे केले गेले. सामूहिक संहितेचे याहून शुद्ध उदाहरण मराठीत नाही. त्या मंडळींनी काय केले? ज्याच्या स्मरणात लीळा वेगळी होती त्याच्या नावाने तो पाठ नोंदवला. हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा, परशरामबासांचा. पाठभेदाला त्यांनी ‘वासना’ अशी संज्ञा दिली आणि तो संहितेच्या अंगातच ठेवला. एकनाथांचा मार्ग याच्या उलट. त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावले. नाथांचा अधिकार आणि त्यांची निष्ठा यांविषयी मला शंका नाही. परंतु कोणत्या प्रती पाहिल्या, कोणते पाठ टाकले, का टाकले, याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. आणि म्हणूनच १९०९ मध्ये राजवाड्यांनी नाथपूर्व म्हणून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली तेव्हापासून आपण अंदाज करीत आहोत. ‘अंतिम’ नावाची फाइल काढणारे आपले संपादक नाथांचा वारसा सांगू शकतील, पण तो त्यांच्या शुद्धीकरणाचा असेल, त्यांच्या योग्यतेचा असेलच असे नाही.

तिसरे उदाहरण पुण्यातलेच. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे १९२५ मध्ये प्रमुख संपादकत्व आले. १९६६ मध्ये ते काम पुरे झाले. चौकटी आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत श्लोक सुटासुटा, अक्षर-अक्षर लिहायचा आणि खाली प्रत्येक पोथीसाठी एक आडवी ओळ ठेवून जेथे भेद असेल तेथेच तो भरायचा, ही त्या गटाची रीत. आजची तुलनेची साधने ओळीवर थांबतात. हे लोक अक्षरावर गेले होते, आणि तेही हाताने. पाठनिर्णय पुढे संपादक करी, पण नाकारलेला प्रत्येक पाठ पानाच्या तळाशी छापला जाई, आणि स्वीकारलेल्या पाठाविषयी पुरेशी खात्री नसेल तर त्याखाली नागमोडी रेघ ओढली जाई. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, महाभारत एका कर्त्याचे नाही, त्याचे एकमेव मूळ रूप सिद्ध करता येणार नाही, हे सुकथनकरांना पुरते ठाऊक होते. त्यावरून त्यांनी नोंद ठेवण्याची गरज नाही असा निष्कर्ष काढला नाही. जेथे कर्ता एक नाही तेथे नोंदीवाचून संहितेविषयी काहीच बोलता येत नाही, असा तो काढला. आमच्या सामूहिकतावाद्यांचा तर्क नेमका येथे उलटा झाला आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो अभ्यासू बाजूने येईल. जेरोम मगॅन यांनी १९८३ मध्ये संहितेचे सामाजिक स्वरूप मांडले, मॅकेन्झी यांनी ग्रंथविद्येला समाजशास्त्राकडे नेले. लेखकाच्या एकट्या हेतूवर संपादनाची इमारत उभी करू नये हे आता मान्य झाले आहे. मग व्यक्तींची नावे शोधण्याचा हा हट्ट मागे नेणारा नाही काय? मला वाटते, हा आक्षेप मगॅन यांना उलटे वाचतो. संहिता सामाजिक आहे म्हणजे तिच्यात मुद्रक, प्रकाशक, मुद्रितशोधक, सहाय्यक या सर्वांचा हात आहे. ते हात दिसले पाहिजेत, असा त्या म्हणण्याचा रोख आहे. सर्वांचे हात आहेत म्हणून कोणाचाच दाखवू नये, असा नाही. वारकरी परंपरेचा दाखला देणारेही भेटतात. परंतु अभंगाच्या अखेरीस नाममुद्रा असते हे ते विसरतात. विष्णुदास नामा आणि इतर नामे नामदेवांच्या गाथेत मिसळले, आणि ती गुंतागुंत अभ्यासक अजून सोडवीत आहेत. ज्या परंपरेत नाम हेच साधन, तिला निनावीपणाच्या बाजूने साक्षीला बोलावणे हे जरा धाडसाचेच आहे.

कोशांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शास्त्रीपंडितांनी मिळून केलेला मराठी कोश १८२९ मध्ये निघाला. त्यानंतर १८३१ मध्ये जो कोश आला तो मोल्सवर्थचा म्हणून आपण ओळखतो. शब्द गोळा करण्यात आणि पारखण्यात त्याला ज्या ब्राह्मणांचे साहाय्य झाले त्यांची नावे आपल्या ओठांवर नाहीत. तो काळ वेगळा होता, सत्तेचा संबंध वेगळा होता, असे म्हणता येईल. मराठी विश्वकोशाने नोंदीखाली लेखकाचे नाव देण्याचा प्रघात ठेवला, हेही सांगितले पाहिजे. मग आज प्रत्येक अक्षराची नोंद यंत्र फुकट ठेवीत असताना आपण विश्वकोशाकडे जाण्याऐवजी मोल्सवर्थकडे का परतत आहोत?

खरे कारण सैद्धान्तिक नसून भीतीचे आहे, असे मला दिसते. नोंद उघडी केली तर चुका उघड्या पडतील. आणि कोणी काय केले हे दिसले तर कोणी काहीच केले नाही हेही दिसेल. गाबलर यांनी १९८४ मध्ये जॉइसच्या ‘युलिसिस’ची आवृत्ती संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केली, तेव्हा डाव्या पानावर संहितेची घडण, तिचे सारे थर चिन्हांसह, छापले आणि उजव्या पानावर वाचनासाठी स्वच्छ पाठ दिला. १९८८ मध्ये जॉन किड यांनी त्या आवृत्तीवर कठोर हल्ला चढवला. वाद चिघळला, कटू झाला, पण तो पाठांविषयी झाला, कारण गाबलर यांनी आपले निर्णय तपासण्याची सामग्री वाचकांच्या हाती दिली होती. आपल्याकडच्या आवृत्त्यांविषयी असे वाद होत नाहीत. त्या निर्दोष असतात म्हणून नव्हे. त्यांना डावे पानच नसते म्हणून.

तेव्हा मागणी अगदी लहान आहे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संपादन-प्रकल्पाने आपली कामाची फाइल बदलांच्या संपूर्ण नोंदीसह, साध्या मजकुराच्या रूपात, कोणा एकाच्या खात्यावर नव्हे तर विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवावी, आणि ती कोणत्याही अभ्यासकाला पाहू द्यावी. प्रस्तावनेत ‘ज्यांचे साहाय्य झाले त्या सर्वांचे आभार’ असे न लिहिता कोणत्या भागाचे लिप्यंतर कोणी केले, कोणत्या पाठाचा निर्णय कोणाचा, कोणती सरसकट दुरुस्ती कोणत्या तारखेला आणि कोणाच्या सूचनेवरून झाली, हे सांगावे. पीएच.डी.साठी संपादित संहिता सादर होते तेव्हा परीक्षकांनी ही नोंद मागावी. मी गेल्या दोन वेळा मागितली. पहिल्या वेळी ती मिळाली नाही. दुसऱ्या वेळी मिळाली, आणि तिच्यातील एका दुरुस्तीवरून मौखिक परीक्षेत आम्ही पाऊण तास बोलत होतो.